उठताना हात टेकावा लागतो का?

नमस्कार श्रोतेहो. रेडिओ ऐकता ऐकता एक करून बघा. गुडघ्यांची तक्रार नसेल तर जमिनीवर मांडी घाला आणि हात न टेकता उठा. पंचविशीतल्या माणसाला हे सहज जमायला हवं. पण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लग्नांत खाली पंगतीला बसायचं म्हटलं की खुर्ची शोधणारी तरणी पोरं मला दिसतात, आणि काळजी वाटते.

यामागे अनेकदा वाढलेलं वजन असतं. वजन वाढलं की आपण शुगर आणि बीपीचं बोलतो, आणि ते चाळिशीवर ढकलतो. अंगातली ताकद मात्र विशीतच कमी पडू लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर आहे.

वजनामुळे ताकद कमी पडते ती कशी? जाड माणसाच्या मांड्यांत जोर अनेकदा बारीक माणसापेक्षा जास्तच असतो. पण त्याला उचलायचं शरीरही जड असतं, म्हणून किलोमागे ताकद कमी पडते. चरबी स्नायूंच्या आतही साठते. पोटातली चरबी श्वासाच्या पडद्याला नीट खाली येऊ देत नाही, म्हणून राजहंसगड चढताना दम लागतो. दम लागतो म्हणून चढ टाळायचा, आणि टाळला की पाय आणखी कमजोर! गुडघ्यांचं तर विचारूच नका. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड व्यक्तींच्या २००५ सालच्या एका अभ्यासात, एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका झालेला दिसला.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. तालमीतला पैलवान काट्यावर जड भरतो, पण शेकड्यानं बैठका मारतो. कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हा.

उपाशी राहून मात्र वजन उतरवू नका, त्यात स्नायूही झडतात. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजून लिहून ठेवा. रोज थोडी उठबस करा, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला, बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चाला नाहीतर शेताच्या वाटेनं. आणि घरच्यांनो, पोराला ‘जाड्या’ म्हणून चिडवू नका. लाजून तो मैदानावर यायचाच बंद होतो.

रात्री मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर किंवा गाडी चालवताना डुलकी लागणं, असं होत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दुखलं, तर त्याच क्षणी थांबा आणि तडक दवाखाना गाठा.