बालेवाडीचा आठवडा: पुण्याच्या चॅलेंजरमधले आपले खेळाडू

(दृश्य: बालेवाडी क्रीडा संकुल, सकाळ. बाहेरची कोर्ट.)

पात्रता फेरीची सकाळ आहे. मुख्य स्टेडियमचे दरवाजे अजून बंद आहेत. खेळ बाहेरच्या कोर्टवर सुरू झालाय. तिथे खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा, त्यात काही पालक, क्लबातून सायकलवर आलेली चार पोरं आणि आपापल्या खेळाडूचा एकेक कोच. पंच गुण पुकारतात तो आवाज पलीकडच्या कोर्टपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, इतकी शांतता.

शेजारच्या खोलीत गटिंगचं मशीन चालू आहे. रॅकेट आडवी पकडून त्यात एकेक तार ताणली जाते. कुणाला पन्नास पाउंड ताण हवा, कुणाला एक्कावन्न. पुण्यात पाहुणे खेळाडू पहिल्या दिवशी याच खोलीत दोन-दोन फेऱ्या मारतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हवा विरळ, चेंडू हातातून सुटल्यासारखा पळतो. किनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्या खेळाडूचा नेहमीचा फोरहँड इथे वीतभर बाहेर पडतो. मग तो तारा घट्ट करून घेतो. मोठी सर्व्हिस असलेल्या खेळाडूला मात्र हीच हवा मानवते.

हा आठवडा चॅलेंजरचा. टेनिसच्या उतरंडीत सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, त्याखाली पुरुष व्यावसायिकांची एटीपी टूर, त्याखाली चॅलेंजर आणि तळाला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या बक्षिसांच्या स्पर्धा. त्यातल्या सगळ्यात लहान स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणाऱ्या पुरुष खेळाडूच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यातूनच हॉटेल, त्यातूनच पुढच्या गावाचं तिकीट. चॅलेंजर ही त्यातून वर निघायची वाट.

वर म्हणजे कुठे, तर पहिल्या शंभरात. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात आणि त्यातल्या शंभराहून थोड्या जास्त जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. एकशे वीसावा खेळाडू आणि नव्वदावा खेळाडू यांच्या खेळात डोळ्यांना दिसेल असा फरक नसतो. कमाईत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

(दृश्य: मुख्य कोर्ट, संध्याकाळ, दिवे लागलेले.)

नोव्हेंबर २०१७. पुण्याच्या केपीआयटी एमएसएलटीए (महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना) चॅलेंजरची अंतिम फेरी. एकूण बक्षिसं ५० हजार डॉलरची आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना भारतीय: दिल्लीचा युकी भांब्री आणि चेन्नईचा रामकुमार रामनाथन.

प्रेक्षकांची पंचाईत झाली असणार. एरवी आपण एका बाजूचे असतो. इथे दोघेही घरचे.

युकीसाठी हे कोर्ट ओळखीचं होतं. २००९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद जिंकलं तेव्हापासून त्याच्याकडे देशाचे डोळे लागले होते. २०१५ मध्ये त्याने बालेवाडीतच येवगेनी डोन्स्कॉय या रशियन खेळाडूला हरवून हीच स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी पहिल्या शंभरात पाऊल ठेवलं. मग कोपर दुखावलं. २०१६ चा मोठा भाग कोर्टबाहेर गेला आणि क्रमवारी पार पाचशेच्या पलीकडे घसरली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला त्याने गतविजेत्या गेल मॉन्फिसला हरवलं, तेव्हा तो नुकता दोनशेपर्यंत परत आला होता.

रामकुमारचं वर्षही छोटं नव्हतं. जूनमध्ये अंताल्याला, गवतावर, त्याने डॉमिनिक थीमला दोन सेटमध्ये गुंडाळलं होतं. थीम तेव्हा जगात आठवा. पण चॅलेंजरचं एकेरीचं विजेतेपद रामकुमारच्या नावावर अजून नव्हतं. सर्व्हिस दणदणीत, पुण्याची हवा सोबतीला. पहिला सेट त्याने ६-४ असा घेतला.

युकी सर्व्हिसच्या जोरावर सामने काढणारा खेळाडू नाही. समोरच्याची सर्व्हिस लवकर वाचायची, बेसलाइनच्या आत उभं राहायचं, चेंडू उसळताच मारायचा हा त्याचा खेळ. दुसरा सेट ६-३, तिसरा ६-४. विजेतेपद युकीचं.

इथे पैशाचा हिशेब सांगायलाच हवा. या विजेतेपदाचे त्याला मिळाले साधारण सात हजार डॉलर. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, पात्रता फेरीतून खेळत तो मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत पोचला आणि सलामीलाच मार्कोस बगदातिसकडून हरला. त्या एका पराभवाचे पैसे होते ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणूनच पुण्यातल्या त्या संध्याकाळचं मोल चेकवरच्या आकड्यात शोधू नये. ते क्रमवारीच्या गुणांमध्ये होतं. एप्रिल २०१८ मध्ये युकी ८३ व्या क्रमांकावर होता. हीच त्याची एकेरीतली सर्वोच्च झेप.

आणि पुण्यानंतरच्याच आठवड्यात काय झालं पाहा. सगळे बंगळुरूला गेले. तिथल्या चॅलेंजरच्या उपांत्य फेरीत युकीसमोर आला हरियाणाच्या झज्जरकडचा वीस वर्षांचा सुमित नागल, क्रमवारीत तीनशेच्या पलीकडचा. नागलने युकीला ६-४, ६-० असं हरवलं आणि मग ब्रिटनच्या जे क्लार्कला तीन सेटमध्ये नमवून स्पर्धाही जिंकली. पाठोपाठच्या दोन आठवड्यांत दोन शहरांमध्ये दोन भारतीय विजेते! परदेशात भटकताना असा योग सहसा येत नाही. तिथे खेळाडू एकटा असतो, कोचचा खर्च परवडत नाही, जेवण बदलतं, झोप बदलते. घरी निदान एवढं ओझं खांद्यावरून उतरतं.

(दृश्य: उपविजेत्याचा करंडक, कॅमेरा जवळून.)

पण घरच्या कोर्टवर घरचा माणूस जिंकतोच असं नाही. या निवेदनात एका खेळाडूवर जरा थांबायचं आहे, कारण पुण्याने त्याला दोनदा अंतिम फेरीपर्यंत नेलं आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने पाठवलं.

प्रजनेश गुणेश्वरन. चेन्नईचा डावखुरा. विशीत असताना गुडघ्यांच्या हाडांना वारंवार बारीक तडे गेले आणि उमेदीची जवळपास पाच वर्षं त्यातच सरली. ज्या वयात बाकीचे जगभर गुण गोळा करत फिरतात, त्या वयात हा घरी बसून होता. २०१६ मध्ये तो पुण्याच्या अंतिम फेरीत पोचला. पहिला सेट जिंकला आणि पुढचे दोन फ्रान्सच्या सादियो दुंबियाने काढून घेतले.

दोन वर्षांनी तो परत आला, तेव्हा २९ वर्षांचा झाला होता आणि आयुष्यातलं सर्वोत्तम टेनिस खेळत होता. आशियाई स्पर्धेचं कांस्य खिशात, आदल्याच आठवड्यात बंगळुरूला साकेत मायनेनीला हरवून मिळवलेलं विजेतेपद ताजं. बालेवाडीत तो पुन्हा अंतिम फेरीत आला. स्वीडनचा इलायस यमर समोर होता. निकाल ६-२, ७-५, यमरच्या बाजूने.

उपविजेता म्हटलं की आपण हळहळतो आणि विषय सोडून देतो. या पराभवाकडे मात्र नीट पाहायला हवं. अंतिम फेरीपर्यंतच्या चार विजयांचे गुण प्रजनेशच्या खात्यात जमा झाले होते. बंगळुरूचे गुण आणि पुण्याचे गुण मिळून तो शंभराच्या उंबरठ्यावर आला, २०१९ मध्ये आत शिरला आणि त्या एप्रिलमध्ये ७५ व्या क्रमांकावर पोचला. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत त्याचं नाव होतं. मार्चमध्ये इंडियन वेल्सला त्याने जगातल्या अठराव्या क्रमांकाच्या निकोलोज बासिलाश्विलीला हरवलं. ज्याची पाच वर्षं दुखापतीने खाल्ली, त्याने हे करून दाखवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने रॅकेट खाली ठेवली. माझ्या मते पुण्याच्या चॅलेंजरची खरी किंमत सांगणारा खेळाडू हाच, जरी विजेत्यांच्या फलकावर त्याचं नाव नसलं तरी.

आणि रामकुमार? पुण्यातला तो पराभव त्याचा एकटा नव्हता. चॅलेंजरच्या एकेरीत तो एकूण सहा अंतिम फेऱ्या हरला. सातवी आली नोव्हेंबर २०२१ मध्ये, बहारीनमध्ये मनामाला. समोर होता तोच येवगेनी डोन्स्कॉय, ज्याला युकीने पुण्यात हरवलं होतं. रामकुमारने सामना ६-१, ६-४ असा संपवला. तोपर्यंत तो २७ वर्षांचा झाला होता.

(दृश्य: ड्रॉचा फलक. नावांवरून सरकणारं बोट.)

आता खास पुण्याच्या मुलांकडे येऊ.

घरच्या स्पर्धेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वाइल्ड कार्ड. मुख्य फेरीत ३२ जागा, त्यातल्या मोजक्या यजमानांच्या हातात. क्रमवारी पुरेशी नसली तरी इथे खेळायला मिळतं. कुणाला द्यायचं यावर दरवर्षी चर्चा झडते आणि झडायलाच हवी. माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं वय सतरा-अठरा आहे आणि ज्याला या पातळीचा चेंडू अजून झेपायचा आहे, त्याला द्यावं. तो हरेल, बहुतेक वेळा हरेलच. पण तशी सर्व्हिस परतवताना मनगटाला जो धक्का बसतो तो क्लबच्या सरावात मिळत नाही.

मानस धामणेचं पाहा. पुण्यात घडलेला मुलगा. जानेवारी २०२३ मध्ये याच बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी २५० दर्जाची स्पर्धा होती, चॅलेंजरच्या एक पायरी वरची. मानस नुकताच पंधरा वर्षांचा झाला होता. त्याला वाइल्ड कार्ड मिळालं आणि त्याच्यासमोर अमेरिकेचा मायकेल मो आला. मानस २-६, ४-६ असा हरला. दुसऱ्या सेटमध्ये चार गेम, तेही पंधराव्या वर्षी. तेव्हा तो इटलीतल्या रिकार्डो पियाट्टींच्या अकादमीत सराव करत होता. ती स्पर्धा मात्र पुण्यात राहिली नाही. २०१८ मध्ये चेन्नईहून इथे आलेली एटीपी २५० त्या वर्षीनंतर भारतातूनच गेली. त्यामुळे आता चॅलेंजर हीच आपल्या मुलांसाठी घरची सगळ्यात वरची पायरी आहे.

अर्जुन काढे हाही पुण्याचाच. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, परतल्यावर कित्येक वर्षं एकेरीत धडपडला आणि मग दुहेरीकडे वळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीला ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने त्याने एटीपी टूरचं पहिलं विजेतेपद जिंकलं, वयाच्या तिशीत. युकीही गुडघ्याच्या दुखापतीनंतर दुहेरीत गेला आणि २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनससह अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला. भारतीय खेळाडू दुहेरीकडे का वळतात, याची एका वाक्यात उत्तरं देणारे पुष्कळ भेटतात. शरीर, पैसा आणि वय या तिन्हींचा हिशेब मांडून घेतलेला तो निर्णय असतो. त्याला माघार म्हणणं मला पटत नाही.

(दृश्य: फेब्रुवारी, दुपारचं ऊन. पाहुणे खेळाडू सराव करताना.)

फेब्रुवारी २०२४. चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि नवी दिल्ली अशी चार शहरांत ओळीने चार चॅलेंजर लागली. महिनाभर घरच्या घरी खेळायची सोय. सुमित नागलला याचं महत्त्व कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं होतं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत. तेव्हा तो देशाचा एकेरीतला अव्वल खेळाडू होता! जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि फेब्रुवारीत चेन्नईला, एकही सेट न गमावता, चॅलेंजर जिंकलं. अंतिम फेरीत इटलीच्या लुका नार्डीला ६-१, ६-४. सोमवारी क्रमवारी लागली तेव्हा तो ९८ वा होता. प्रजनेशनंतर, २०१९ नंतर, पहिल्यांदाच एक भारतीय एकेरीत शंभराच्या आत आला होता.

पुण्यात त्या महिन्यात जिंकला मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो. तेव्हा फारशी गर्दी झाली नाही, नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच वाशेरोने, क्रमवारीत २०४ वा असताना, पात्रता फेरीतून सुरुवात करून शांघाय मास्टर्स ही ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा जिंकली आणि वाटेत नोव्हाक जोकोविचला हरवलं. बालेवाडीत तिकिटाविना बाहेरच्या कोर्टवर उभं राहून आपण कुणाला पाहतोय, ते त्या दिवशी कळतंच असं नाही. आपल्या पोरांची गाठ पहिल्या-दुसऱ्या फेरीत अशा माणसांशी पडते.

क्रमवारीतले गुण ५२ आठवडे टिकतात, मग वजा होतात. नागल २०२४ च्या जुलैमध्ये ६८ व्या क्रमांकापर्यंत चढला. २०२५ उजाडलं तसे आदल्या वर्षी मेलबर्न आणि चेन्नईत कमावलेले गुण एकेक करून गेले आणि तो शंभराबाहेर पडला. गेल्या वर्षी जिथे जिंकलो तिथेच पुन्हा जिंकायचं, तर कुठे आहोत तिथे राहतो. हे गणित जगभर सगळ्यांना सारखंच लागू असतं. फरक इतकाच की युरोपातल्या खेळाडूला दर आठवड्याला रेल्वेने जाता येईल अशी एखादी चॅलेंजर असते. आपल्याकडे वर्षाला चार-पाच. त्यातली एक जरी कॅलेंडरवरून उडाली, तर एखाद्या प्रजनेशचे तेवढे गुण कमी होतात आणि तो एकशे पाचवर अडकतो.

म्हणून पुढच्या वेळी पुण्याचा ड्रॉ लागला की अंतिम फेरीची वाट पाहू नका. सोमवारी, मंगळवारी या. सकाळी दहाच्या सुमाराला बाहेरच्या कोर्टवर एखादा मराठी मुलगा पहिल्या फेरीचा तिसरा सेट खेळत असेल आणि टाळ्या वाजवायला वीसच माणसं असतील. एकविसावं माणूस तिथे ऐकू जातं.