लॅपटॉपसोबतचं लिंकिंग

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना 'लिंकिंग' म्हणजे काय ते सांगायला नको. खरिपाच्या तोंडावर युरियाची गोणी मागितली की दुकानदार म्हणतो, सोबत ही बाटलीही न्यावी लागेल. बाटली नको असते. पण पीक थांबत नाही, म्हणून आपण ती घेतो. कृषी खातं त्यावर तंबी देतं, पेपरात बातम्या येतात, कारण ही जबरदस्ती आहे हे सगळ्यांना दिसतं.

गेल्या दिवाळीत भाचीला लॅपटॉप घ्यायला गेलो. तिला लिनक्स वापरायचं होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी, मोफत प्रणाली. मी दुकानदाराला विचारलं, यात विंडोजचे किती धरलेत? तो म्हणाला, "साहेब, ते इनबिल्ट आहे, फ्री येतं." त्याने मला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याला खरोखर तसंच वाटत होतं. पण ते फ्री नसतं. लॅपटॉप बनवणारी कंपनी विंडोजच्या लायसन्सचे, म्हणजे वापराच्या परवान्याचे, पैसे मोजते आणि आपल्या किमतीत ते धरलेले असतात. युरियासोबतची बाटली निदान आपल्या हातात तरी दिसते. इथे बिलावर एकच आकडा.

ही पद्धत आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्ट एके काळी संगणक कंपन्यांशी 'पर प्रोसेसर' करार करत असे. म्हणजे अमुक प्रोसेसरची (संगणकाच्या मुख्य चिपची) जितकी यंत्रं कंपनी विकेल तितक्या सगळ्यांचे पैसे द्यायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली घातलेली असो वा नसो. दुसऱ्या कोणाची प्रणाली घालायची तर दोघांचे पैसे भरा! असं कोण करील? अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९४ च्या समझोत्यात हे करार बंद करायला लावले. पण तोवर पेटी उघडली की विंडोज, ही सवय जगाला लागून गेली होती.

गंमत अशी की परतीची वाट त्या लायसन्समध्येच लिहिलेली होती. अटी मान्य नसतील तर वापरू नका, उत्पादकाकडून पैसे परत घ्या. ऑस्ट्रेलियातल्या एका ग्राहकाने तोशिबाकडून असे ११० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. ती बातमी पसरली आणि १५ फेब्रुवारी १९९९ ला कॅलिफोर्नियात फॉस्टर सिटीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर लिनक्सवाले पैसे मागायला गेले. उत्तर मिळालं, उत्पादकाकडे जा.

युरोपात प्रकरण कोर्टात गेलं. फ्रान्समधल्या एका ग्राहकाने २००८ मध्ये सोनीचा लॅपटॉप घेतला, पहिल्यांदा सुरू करताना त्यातल्या विंडोज व्हिस्टाचं लायसन्स नाकारलं आणि पैसे मागितले. सोनी म्हणाली, अख्खा लॅपटॉप परत करा. नाहीतर १०० युरो घ्या. त्याची मागणी सॉफ्टवेअरपोटी ४५० युरोंची होती. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की सॉफ्टवेअर घालून संगणक विकणं हे मुळातच अनुचित ठरत नाही, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची किंमत वेगळी न दाखवणं हीसुद्धा दिशाभूल नव्हे.

निकालाचा पहिला भाग मला समजतो. बहुतेकांना घरी आणून लगेच चालणारं यंत्र हवं असतं, आणि त्यात काही गैर नाही. पण दुसरा भाग मला मुळीच पटत नाही. किंमतच कळली नाही तर नको म्हणायचं कशाच्या आधारावर? याच युरोपात २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड झाला आणि गाणी-व्हिडिओ लावणारा, सोबतच येणारा मीडिया प्लेअर काढलेली विंडोज बाजारात आणावी लागली. तिची किंमत मात्र तेवढीच ठेवली. ती कोण घेणार?

इटलीत वेगळं घडलं. लिनक्स वापरणाऱ्या एका माणसाने लेनोव्होकडे विंडोजचे ४२ युरो मागितले. खालच्या न्यायालयाने द्यायला सांगितले, तर कंपनी अपिलात गेली. ४२ युरोंसाठी! मोंझाच्या न्यायालयाने २०२० मध्ये अपील फेटाळलं आणि वर त्या ग्राहकाला २०,००० युरो द्यायला लावले.

आपल्याकडे काय आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'निर्बंधात्मक व्यापारी प्रथा' याची व्याख्या वाचा. एक वस्तू हवी असेल तर आधी दुसरी घ्यावी लागेल अशी अट घालणं त्यात स्पष्टपणे येतं. मला ते वाचताना आपलं लिंकिंगच आठवलं. आणि विंडोजशिवाय लॅपटॉप विकता येत नाही असं कोणी सांगू नये, कारण आपल्याच बाजारात 'डॉसवाला', म्हणजे विंडोज न घातलेला, लॅपटॉप वर्षानुवर्षं विकला गेलाय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात कोणालाही विचारा. त्यावर पुढे चोरीची विंडोज चढवली जायची हे खरं, आणि ते चूकच. पण त्यावरून लॅपटॉपची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी सांगता येते, एवढं तर सिद्ध होतं.

भाचीच्या लॅपटॉपवरचं लायसन्स आम्ही स्वीकारलं नाही. कंपनीला लिहिलं. तिकडून उत्तर आलं, लॅपटॉपसह सगळं परत करा. फ्रान्समध्ये २००८ साली मिळालं होतं तेच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. माझा अर्ज तयार आहे, बिल आणि कंपनीचं उत्तर सोबत जोडलंय. तुमच्यापैकी कोणाकडे असं लेखी उत्तर असेल तर कार्यक्रमानंतर थांबा, मला ते बघायचं आहे.