कुबरनेटिस: लिहिले तसे चालवणारी यंत्रणा

पडद्यावर दिसते आहे ती साध्या मजकुराची एक फाइल आहे; अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या यंत्रणेसाठी ती लिहिली आहे. तिच्यात ‘रेप्लिकाज’ या शब्दापुढे ३ हा आकडा आहे, म्हणजे या ॲप्लिकेशनच्या तीन प्रती सदैव चालू असाव्यात, एवढीच अपेक्षा इंजिनिअरने नोंदवली आहे. त्या कोणत्या सर्व्हरवर चालवायच्या, हे त्याने सांगितलेले नाही.

आता यांतली एक प्रत मुद्दाम बंद केली जात आहे. पडद्यावरच्या प्रतींच्या यादीत तिच्या ओळीत ‘टर्मिनेटिंग’ दिसते न दिसते तोच नव्या नावाची ओळ उमटते आणि थोड्याच वेळात तिच्यापुढे ‘रनिंग’ असे येते. कुबरनेटिसचे कंट्रोलर, म्हणजे देखरेख करणारे प्रोग्राम, लिहिलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती सतत ताडून पाहतात आणि तफावत आढळली की ती स्वतःच भरून काढतात. हेच काम पूर्वी माणसे सर्व्हरवर लॉगिन करून, एकेक कमांड देऊन करत असत आणि कुठे काय बदलले, हे पुष्कळदा करणाऱ्यालाच ठाऊक असे.

असंख्य सर्व्हरवरची ॲप्लिकेशन आपोआप सांभाळण्याचा प्रश्न गूगलने स्वतःपुरता ‘बोर्ग’ या अंतर्गत प्रणालीने आधीच सोडवला होता. २०१३ मध्ये डॉकर या साधनामुळे ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या गोष्टींसह एका गठ्ठ्यात, बांधणे सर्वांना सोपे झाले आणि असे असंख्य कंटेनर सांभाळायचे कसे, हा प्रश्न सर्वांपुढे आला. जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी सुरू केलेला कुबरनेटिस प्रकल्प जून २०१४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून जाहीर झाला. जुलै २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली, तेव्हाच तो एका कंपनीच्या ताब्यात न ठेवता क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे ठरले. आमच्या मते हा निर्णय तांत्रिक रचनेइतकाच मोलाचा आहे, कारण त्यामुळेच ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या स्पर्धकांच्या क्लाउडवर अशी फाइल थोड्याफार फेरफारांनी चालू शकते. लहान संघांना मात्र ही यंत्रणा शिकणे आणि सांभाळणे जड जाते.

फाइलमध्ये आता ॲप्लिकेशनच्या आवृत्तीचा क्रमांक बदलला आहे. आधी नव्या आवृत्तीची एक प्रत उभी राहते आणि ती तयार असल्याची तपासणी पार पडल्यावरच जुनी एक प्रत थांबवली जाते. या चित्रणात नवी प्रत तपासणीत नापास होते, त्यामुळे बदल तिथेच अडतो आणि जुन्या तिन्ही प्रती काम करत राहतात. फाइलमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या साधनातली मागची नोंद परत आणून लागू केल्यावर नापास प्रत यादीतून निघून जाते.