किल्ली मीराकडे, कडी मास्ककडे

मागच्या व्याख्यानात आपण मालक, गट आणि इतर यांच्या नऊ बिट्सपाशी थांबलो होतो: प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन-तीन परवानग्या. आता लिनक्सवरची एक फाइल डोळ्यासमोर आणा. ती माझी आहे, गटाला फक्त वाचायची परवानगी आहे, इतरांना काहीच नाही. मीराला तिच्यात लिहायचंय, पण मीरा त्या गटात नाही. मी 'सेटएफएसीएल' ही आज्ञा चालवून फाइलच्या एसीएलमध्ये, म्हणजे परवानग्यांच्या जादा यादीत, मीराच्या नावाने वाचण्या-लिहिण्याची नोंद घालतो आणि काम भागतं. 'एलएस -एल'ने दाखवलेल्या फाइलींच्या यादीत परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसू लागतं.

हे चिन्ह दिसलं की मधल्या तीन बिट्सचा अर्थ बदलला, हे पक्कं डोक्यात ठेवा. ते आता फाइलच्या गटाचे राहत नाहीत, मास्कचे होतात, म्हणजे परवानग्यांच्या कमाल मर्यादेचे. नावाने दिलेले वापरकर्ते, नावाने दिलेले गट आणि फाइलचा स्वतःचा गट, या सगळ्यांना मास्कपलीकडे जाता येत नाही. मालक आणि 'इतर' यांना मात्र मास्क लागू होत नाही.

माझी एक संध्याकाळ यात गेली आहे. मीराला लिहिता येईना, म्हणून मी तिची नोंद पुन्हा पुन्हा तपासत होतो. नोंद ठीक होती. माझ्याच स्क्रिप्टच्या शेवटी 'सीएचमॉड ६४०' होतं, म्हणजे नऊ बिट्स बदलणारी आज्ञा, मालक, गट, इतर यांना एकेक आकडा! त्यातल्या मधल्या चारने, म्हणजे नुसत्या वाचण्याने, मास्क फक्त वाचण्यापुरता उरला. एसीएल दाखवणारी 'गेटएफएसीएल' आज्ञा मीराच्या नोंदीपुढे 'इफेक्टिव्ह', म्हणजे प्रत्यक्षात लागू, म्हणून नुसतं वाचणं दाखवत होतं.

हे असं का केलं? जुन्या प्रोग्रामांसाठी. 'सीएचमॉड ६००' म्हणजे माझ्याशिवाय कुणी नाही, अशी समजूत धरून कित्येक वर्षं कोड लिहिला गेला. त्या कोडला एसीएल माहीत नाही. मास्क नसता, तर ६०० करूनही मीरा आत राहिली असती. ही रचना मांडणारा पॉझिक्स १००३.१ई हा युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाचा मसुदा सतराव्या आवृत्तीनंतर मागे पडला, तो मानक झालाच नाही. तरी लिनक्सने ही रचना उचलली, २००३ च्या २.६ कर्नलमध्ये ती आली. माझ्या मते त्या मसुद्यातला हा सर्वांत समंजस निर्णय आहे.

उलटी बाजू जास्त धोक्याची. गटाला लिहू द्यावं म्हणून तुम्ही 'सीएचमॉड जी+डब्ल्यू' केलंत, तर मास्क रुंदावतो. गटाच्या नोंदीत लिहिणं नसेल, तर गटाला काहीच मिळत नाही, आणि दबलेली मीरा मात्र जागी होते. सी भाषेत प्रोग्राम लिहिताना 'एसीएल_कॅल्क_मास्क' हे फंक्शन सवयीने बोलावू नका. ते मास्क लागू होणाऱ्या सगळ्या नोंदींच्या परवानग्या एकत्र करून मास्क ठरवतं. मास्क कुणी मुद्दाम आवळलेला असेल, तर सुरेश नावाच्या आणखी कुणाला नुसतं वाचणं देताना मीराचं लिहिणं परत येतं. 'सेटएफएसीएल'ही हेच करतं. मास्क जिथल्या तिथे ठेवायचा तर '-एन' द्या.

डिरेक्टरीला डीफॉल्ट एसीएल, म्हणजे आतल्या नव्या फाइलींना वारशाने मिळणारी यादी, असेल, तर नव्या फाइलसाठी युमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या कापणारी नेहमीची सेटिंग) बघितला जात नाही. पण फाइल उघडणाऱ्या 'ओपन'ला प्रोग्रामने दिलेला मोड, म्हणजे मागितलेल्या परवानग्या, बघितला जातो. तात्पुरती फाइल बनवणारं 'एमकेएसटेम्प' ०६०० ने, म्हणजे फक्त मालकाला परवानगी देऊन, फाइल काढतं: मीराची नोंद वारशाने येते, मास्क रिकामा. मग ती फाइल नाव बदलून जुन्या फाइलच्या जागेवर ठेवली, तरी मास्क रिकामाच राहतो. म्हणून नाव बदलण्याआधी जुन्या फाइलची एसीएल वाचा आणि नव्या फाइलवर लावा.