मावशी आणि हत्ताचं धरण

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय विजेच्या साठवणीबद्दल, तेही तेलाच्या देशात, संयुक्त अरब अमिरातीत. ऊन तिथं उदंड. पण दिवस मावळला की सोलर बंद, आणि एसी मात्र रात्रभर चालू. तेव्हा दुपारची वीज रात्रीला पुरवायची कशी? लक्षात ठेवा, दुपारची वीज, रात्रीला.

माझी मावशी अकोले तालुक्यातली. लेकाकडे दुबईला आली होती, मीही तेव्हा तिथंच होतो. सुट्टीच्या दिवशी तिला दुबईच्या डोंगराळ भागातल्या हत्ताला, तिथल्या धरणावर नेलं. उघडेबोडके डोंगर, मधे हिरवंनिळं पाणी, त्यात पोरं कयाक वल्हवतायत. मावसभाऊ पडला इंजिनिअर. "आई, हे पाणी दुपारी सौर विजेवर वरच्या तलावात चढवायचं. गरज पडली की १.२ किलोमीटरच्या बोगद्यातून खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवायचं. २५० मेगावॉट, ६ तास!"

मावशीनं पदरानं घाम पुसला. "म्हणजे आपलं घाटघर."

आम्ही गप्प.

"वरचं धरण घाटघरला, खालचं चोंढ्याला. तेही २५० मेगावॉटचंच." काका पाटबंधाऱ्यात होते, आकडा तिला पाठ. "तुला दाखवायला नेलं होतं, तू गाडीत झोपलास."

मग म्हणाली, "पण चढवायला लागते तेवढी परत थोडीच मिळणार?"

"शंभर घातली तर ऐंशीच्या आसपास मिळते."

"चालतंय. गच्चीवरची टाकी भरताना मोटार बिल खातेच की. फुकट जाण्यापेक्षा बरं."

झालं, माझं निम्मं भाषण तिनंच करून टाकलं!

जाता जाता एक सांगतो. तिथल्या मॉलमध्ये मावशीला शाल पांघरावी लागली. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत शाल! ती वीज साठवण्याआधी वाचवा की राव. असो.

दुसरी तऱ्हा मिठाची. जेवणातलं मीठ नव्हे. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा. दुबईच्या सौर उद्यानात २६० मीटरहून उंच मनोरा आहे. आरसे त्याच्या माथ्यावर ऊन फेकतात, वितळलेलं मीठ ५६५ अंशांपर्यंत तापतं आणि थर्मासमधल्या चहासारखं टाकीत गरम राहतं. त्या उष्णतेवर वाफ करून १५ तास वीज काढता येते. मीठ तापवा दुपारी, वीज घ्या रात्री.

तिसरी बॅटरी. अबू धाबीनं २०२५ च्या जानेवारीत जाहीर केलेला प्रकल्प ऐका: चोवीस तास अखंड १ गिगावॉट, म्हणजे हजार मेगावॉट, वीज मिळावी म्हणून ५.२ गिगावॉटचं सोलर आणि १९ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या. एकासाठी पाच!

हे मी परवा मावशीला फोनवर सांगत होतो. "एकाला पाच?" म्हणाली. "बरं, ठेवते आता. लाईट आलीय, विहिरीवरची मोटार चालू करायचीय."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते.