आधी दळण, मग मशीन

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली ओळखीच्या घरांमधून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. एस्प्रेसोचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ? विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा एखादं चकचकीत मॉडेल मनाशी हेरून ठेवलेलं असतं, त्याला फक्त आपला होकार हवा असतो. मी त्याला उलट विचारते, कॉफी दळणार कशात? आज तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दलच.

आधी एस्प्रेसो म्हणजे नेमकं काय, ते बघू. बारीक दळलेल्या पुडीतून गरम पाणी दाबानं रेटून काढलेली दाट कॉफी, ती एस्प्रेसो. इटलीत एस्प्रेसोची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिनं याचं माप ठरवून दिलंय. एका कपाला 7 ग्रॅम पूड, पाण्याचं तापमान 88 अंशांच्या आसपास, दाब 9 बार, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, वेळ साधारण 25 सेकंद आणि कपात उतरते ती सुमारे 25 मिलिलीटर कॉफी. म्हणजे पाच छोटे चमचेच. आपल्याकडे मगभर कॉफी पिणाऱ्याला हे पहिल्यांदा बघून चुकल्यासारखं वाटतं. पण तेवढ्या पाच चमच्यांत जे एकवटलेलं असतं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

यातला 9 बारचा दाब फार महत्त्वाचा. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोनं 1884 मध्ये वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुईजी बेत्सेरानं 1901 मध्ये एकेका कपाची कॉफी काढणारं यंत्र पुढे आणलं. पण वाफेच्या जोरावर दीडेक बारच्या वर दाब जात नव्हता. त्या कॉफीवर साय नव्हती आणि चवीला ती बरीचशी करपट असे. खरा पालट घडवला मिलानच्याच आकिले गाज्यानं. त्यानं वाफेचा नाद सोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या वर्षांत त्याचं दांडीचं मशीन आलं. दांडी खाली ओढायची की आतली स्प्रिंग आवळते, ती सुटताना गरम पाणी पुडीतून जोरानं रेटते. कपावर पहिल्यांदाच सोनेरी फेस आला, ज्याला आज सगळं जग क्रेमा म्हणतं. मग 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 मशीननं हे काम विजेच्या पंपाकडे सोपवलं आणि माणसाच्या दंडावरचा भार गेला. ई-61 चा तो भरीव पितळी तोंडाचा भाग आजही महागड्या घरगुती मशिनांवर जसाच्या तसा दिसतो.

आता दुकानात जाऊ. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 15 बार. कुठे कुठे 20 बार. हा आकडा पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो त्याचा आहे. पुडीवर हवेत 9 बारच. चांगल्या मशिनात जादा दाब परत टाकीकडे वळवणारा व्हॉल्व असतो, आणि दुकानदाराला विचारायचं ते या व्हॉल्वबद्दल. 20 बार म्हणून दोन हजार रुपये जास्त मोजू नका.

दुसरी गोष्ट तपासायची ती पूड भरायची गाळणी. हात लावून बघा, पालथी करून बघा. स्वस्तातल्या बऱ्याच मशिनांत दुहेरी तळाची गाळणी मिळते. आतून पुष्कळ भोकं दिसतात, पण बाहेरच्या तळाला मधोमध एकच बारीकसं छिद्र असतं. कॉफी त्या छिद्रातून फवारल्यासारखी बाहेर येते आणि फेस तयार होतो. शिळी, जाडीभरडी पूड घातली तरी फेस येतो. दिसायला छान, पण तो क्रेमा नव्हे. खरा क्रेमा येतो ताज्या भाजलेल्या बियांमधल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि तेलामुळे. म्हणून मशिनासोबत एकेरी तळाची गाळणी मिळते का, निदान नंतर बसवता येते का, हे जरूर विचारा. व्यास 58 मिलिमीटर असेल तर उत्तम, कारण हॉटेलांतल्या मशिनांचं माप तेच असतं आणि सुटे भाग सहज मिळतात.

एकेरी गाळणी घेतली की मात्र दळणाची लबाडी चालत नाही, आणि माझा सगळा जीव अडकलाय तो इथे. 58 मिलिमीटरच्या गाळणीवर 9 बारचा दाब म्हणजे त्या एवढ्याशा चकतीवर जवळपास 240 किलोंचा भार. पाणी वाट शोधतच असतं. पुडीत कुठे जाड कण असले, कुठे पोकळी राहिली, की पाणी तिथूनच सुसाट निघून जातं आणि बाकीची पूड तशीच राहते. मग एकाच कपात आंबटही लागतं आणि कडूही. मिक्सरच्या भांड्यात दळलेल्या कॉफीचं हेच होतं. मिक्सरचं पातं बिया तोडतं, दळत नाही. काही कण पिठासारखे, काही रव्यासारखे. यासाठी हवा तो दोन दातेरी चकत्यांमधून बी चिरडत नेणारा बर ग्राइंडर, आणि त्याचं माप केसभर इकडेतिकडे करता यायला हवं. हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडरही चालतो. दोन मिनिटं हात दुखतो, पण पैसे वाचतात.

दळण जमलंय की नाही, हे धारेवरून कळतं. बटण दाबलं की पहिले पाच-सात सेकंद काहीच येत नाही. पंपाचा घुमणारा आवाज तेवढा जरा जड होतो. मग गाळणीच्या खाली गडद तपकिरी थेंब जमतात, एकमेकांत मिसळतात आणि धार सुरू होते. उंदराच्या शेपटीसारखी बारीक, सलग, किंचित वळणारी. रंग हळूहळू उजळत जातो. फिकट पिवळा झाला की थांबवायचं. दहा सेकंदांत कप भरला तर दळण जाड आहे. थेंबथेंब गळत राहिलं तर फार बारीक. मशीन बदलून हे सुधारत नाही, ग्राइंडरची चकती एक खूण पुढेमागे केली की सुधारतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हातात शंभर रुपये असतील तर त्यातले चाळीस ग्राइंडरला द्या आणि उरलेल्या साठात साधं, धातूच्या अंगाचं मशीन घ्या. पडदा नको, ॲप नको, तेरा प्रकारची बटणं नकोत.

दुधाच्या कॉफीची आवड असेल तर बॉयलरचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या टाकीचा विचार करा, कारण दूध फेसाळायला वाफ लागते. एक बॉयलर असलेल्या मशिनात आधी कॉफी काढायची, मग वाफ तयार होईपर्यंत थांबायचं. घरात दोघंच असतील तर हे थांबणं काही जाचत नाही. सकाळी सात वाजता पाच जणांना कापुचिनो लागत असेल, तर कॉफी नि वाफ एकाच वेळी देणारं, हीट एक्स्चेंजरचं किंवा दोन बॉयलरचं मशीन हवं. ते महाग असतं, ओट्यावर जागा खातं आणि नीट तापायला अर्धा तास घेतं.

कॅप्सूलच्या, म्हणजे पूड भरलेली बंद डबी घालून चालणाऱ्या मशिनाबद्दल थोडक्यात सांगते. सोय पुष्कळ, पण कॉफी कुठली, कधी भाजलेली, किती दळलेली, हे सगळं दुसरा ठरवतो आणि प्रत्येक कपामागे ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची एक डबी उरते. आणि इटलीतल्या घराघरांत रोज काय वापरतात म्हणाल, तर मोका. 1933 मध्ये बियालेत्तीनं आणलेलं ते अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं, जे सरळ गॅसवर चढतं. त्यात दाब जेमतेम एक-दोन बारचा, क्रेमा नाही, पण कॉफी दाट आणि खमंग. एस्प्रेसो इटालियन माणूस बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, उभ्याउभ्या पितो. ज्यांना रोज दळायचा आणि पुसायचा कंटाळा आहे, त्यांनी मोका घ्यावा आणि सुखानं प्यावं. त्यात कुठलाही कमीपणा नाही.

बिया कुठल्या घ्यायच्या? इटालियन पद्धतीची दाट कॉफी हवी, तर मिश्रणात थोडा रोबस्टा, ही कॉफीची एक जात, असू द्या. दक्षिण इटलीत तो भरपूर वापरतात, क्रेमाही जाड येतो. आपल्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक वर्षानुवर्षं इटलीच आहे. कोडगूचा, वायनाडचा रोबस्टा तिकडच्या मिश्रणांत जातो. तो आपल्याला घरबसल्या मिळतोय, तेव्हा आयात केलेल्या, समुद्रावर महिने काढलेल्या पाकिटामागे धावू नका. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. भाजून आठवडाभर झालेल्या बिया उत्तम, दीड-दोन महिने उलटले की क्रेमा ओसरतो. आणि फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली पूड यात घालू नका. ती ओलसर होऊन चिकटते, गाळणी चोंदते.

आता विजेचं. अमेरिकेतून मुलगी, भाचा येताना प्रेमानं मशीन घेऊन येतात. तिथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ते मशीन इथे सरळ लावलं तर जळतं. चौदाशे वॉटच्या मशिनाला निदान दोन हजार वॉटचा अवजड ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यानंतरही विजेच्या लहरींवर चालणारा पंप मंदावतो. त्यांना आधीच कळवा, आणायचंच तर ग्राइंडर आणा, तोही हातानं फिरवायचा. युरोपातलं मशीन असेल तर वीज आपल्यासारखीच, फक्त प्लग बदलायचा. आणि लावायचं ते 16 अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर, मोबाईल चार्जरशेजारच्या बारक्या सॉकेटवर नाही.

बोअरचं जड पाणी टाकीत ओतलं तर बॉयलरमध्ये क्षार साचून काही महिन्यांत पाण्याची वाट अरुंद होते. तसंच आरओचं अगदी निर्मळ पाणी काही मशिनांना चालत नाही, कारण पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तारेला त्यातले क्षार थोडे तरी लागतात. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, तेवढं पान वाचा.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला आणखी एक विचारा. गाळणीची दांडी जिथे अडकते तिथे आत एक रबरी रिंग असते. रोजच्या वापरानं ती वर्ष-दोन वर्षांत कडक होते आणि कडेनं पाणी झिरपायला लागतं. ती रिंग तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात मिळते का, आणि ती बदलून देणारा माणूस आहे का? उत्तर नाही असेल, तर मशीन कितीही देखणं असो, दुसरं बघा.

नमस्कार.