काकवी झालेला स्टाउट

मंडळी, दोन हिवाळ्यांपूर्वी मी इथे न्यू जर्सीत, घराच्या तळघरात १९ लिटर स्टाउट, म्हणजे भाजलेल्या सातूची काळी बिअर, लावला आणि त्याची काकवी झाली. (अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय चालत नाही, तेव्हा गावाकडच्या भावाला फोनवरून कृती सांगत बसू नका.)

गोड लागलं की हात आपोआप कडू काहीतरी शोधतो. मी अर्धा लिटर कोल्ड ब्रू कॉफी ओतली. तयार झाला कॉफीच्या वासाचा गोड स्टाउट. आमटी खारट झाली की बटाटा टाकतो ना, तसलाच हा उद्योग. मीठ तिथेच असतं.

मग हायड्रोमीटर काढला, जो आधीच काढायला हवा होता. तो पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवतो: साखर जास्त तर आकडा मोठा, यीस्टने ती खाल्ली की आकडा पाण्याच्या १.०००कडे उतरतो. सुरुवातीचा आकडा १.०६०. तो १.०१५च्या आसपास उतरायला हवा होता, आठवडाभर १.०३०वर ठाण मांडून बसला होता. रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांना (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) एक सांगतो: अल्कोहोल तयार झालं की त्याचा आकडा फुगलेला दिसतो. पुष्कळांचा ‘अडकलेला’ स्टाउट मुळात अडकलेलाच नसतो.

आता खरा प्रश्न. उरलेली साखर यीस्टने खाल्ली नाही, की त्याला खाताच येत नाही? मोड आणून वाळवलेला सातू भरडून आपण गरम पाण्यात ठेवतो, तेव्हा त्यातली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. चपातीचा घास चावत राहिलं की गोड लागतो, तीच क्रिया. पाणी ६५ अंशांना असेल तर साखर यीस्टला पचेल अशी निघते. ७०च्या वर गेलं की त्यातलं बीटा अमायलेज हे एन्झाइम लवकर गारद होतं आणि डेक्स्ट्रिन, म्हणजे पिठाचे अर्धवट फुटलेले, यीस्टला न पचणारे तुकडे, जास्त उरतं. ते स्वतः फारसं गोड नसतं, पण जिभेवर जड बसतं. मिल्क स्टाउटमध्ये तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मुद्दामच घालतात, कारण बिअरच्या यीस्टला ते पचत नाही. तिथे ‘गोड का राहिला’ म्हणून यीस्टवर रागावण्यात अर्थ नाही.

हे ओळखायची युक्ती स्वस्त आहे. ग्लासभर स्टाउट काढायचा, त्यात पावाचं यीस्ट चमचाभर टाकायचं आणि उबेला ठेवायचं. माझा ग्लास तीन दिवसांत १.०१८वर आला. म्हणजे खाण्यासारखं शिल्लक होतं, खाणारे झोपले होते. तळघर १४ अंशांवर गेलेलं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, हे आईकडून शंभरदा ऐकलेला मी!

बादली वर आणली, २१ अंशांना ठेवली, तळाचा गाळ हलकेच ढवळला. फेस येईल असं हलवायचं नाही. हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते. चार दिवस काही हललं नाही. नवं कोरडं यीस्ट वर भुरभुरावं, तर अल्कोहोल असलेल्या, प्राणवायू संपलेल्या द्रवात ते जेमतेम तग धरतं. म्हणून लिटरभर वर्टमध्ये (सातूचं न आंबवलेलं गोड पाणी) ते आधी जागं केलं आणि ऐन फसफसत असताना, विरजणासारखं, आत सोडलं. आठवड्यात १.०१८.

ग्लुकोअमायलेज नावाचं एन्झाइम घालून आणखी उतरवा, असं मित्र म्हणाले. मी नाही घातलं. ते डेक्स्ट्रिनही फोडतं, आणि बिअर गरम केल्याशिवाय हवं तिथे थांबत नाही; स्टाउटचं पाणी होतं. त्याऐवजी १.०१०वर उतरलेला दुसरा कोरडा, म्हणजे गोडी न उरलेला, स्टाउट केला आणि निम्मानिम्मा मिसळला. १.०१४.

आणि १.०३०ला असतानाच बाटल्या भरल्या असत्या तर? एक पॉइंट, म्हणजे ०.००१, उतरला की साधारण अर्धं व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाएवढा, वायू तयार होतो. बारा पॉइंट बाटलीत उतरले असते तर सहा व्हॉल्यूम. स्टाउटला दोन पुरतात. तळघरात काचांचा सडा पडला असता, आणि बायकोचे पापड तिथेच वाळत होते.